प्रत्येक ऑनलाइन दुकानासाठी नव्याने पाया खणू नका: वेब एजन्सींसाठी मुक्तस्रोत मार्गदर्शक

छोट्या वेब एजन्सीकडे ऑनलाइन दुकानाचं काम आलं की बहुतेक वेळा मागच्या गिऱ्हाइकाची साइट कॉपी होते, लोगो आणि रंग बदलतात आणि काम सुरू होतं. घाईत ते चालूनही जातं. पण कॉपीबरोबर जुन्या दुकानाचे प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) येतात, कुणीतरी अर्धवट सोडलेला कोड येतो, कधी कधी जुन्या ग्राहकांचे पत्तेसुद्धा येतात. वर्षभराने दहा दुकानं उभी असतात आणि दहाही वेगळी. एका ठिकाणी सापडलेली चूक दहा ठिकाणी हाताने दुरुस्त करावी लागते.

त्याऐवजी मुक्तस्रोत (ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही पाहता-बदलता येतो अशा) सॉफ्टवेअरवर आपला एक सामायिक पाया तयार करावा आणि प्रत्येक दुकान त्यावर उभं करावं. तो कसा बांधायचा, ते पाहू.

१. आधी झालेली कामं समोर मांडा

पूर्ण केलेली तीन दुकानं निवडा आणि प्रत्येकात काय काय बनवलं, ते कागदावर लिहून काढा. जे तिन्हींत आहे ते पायात घ्या. जे एकातच आहे ते त्या गिऱ्हाइकापाशीच राहू द्या. दोन ठिकाणी सापडलं तर थांबा, तिसऱ्यांदा मागणी आल्यावर ठरवा. हा संयम फार महत्त्वाचा आहे, कारण पाया बिघडतो तो ‘पुढे लागेल’ म्हणून भरलेल्या गोष्टींनी.

यादी केली की लक्षात येतं, तूप विकणारा असो की पैठणी, जीएसटी, पेमेंट, पिनकोड, बिल आणि कॅश ऑन डिलिव्हरी सगळ्यांना लागतं. तक्रार अधिकाऱ्याची माहितीही लागते. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते, त्यामुळे तो फॉर्म पायातच हवा.

२. एकच प्लॅटफॉर्म निवडा

ऑनलाइन दुकान चालवणारं वूकॉमर्स २०११ पासून आहे, वर्डप्रेस या साइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर चालतं आणि त्याचा परवाना जीपीएल आहे (कोड वापरा, बदला, पण पुढे देताना त्याच अटींवर द्या). लाराव्हेल (पीएचपी भाषेतला कोडचा तयार सांगाडा) येणाऱ्यांसाठी भारतातच तयार झालेलं बॅजिस्टो आहे, त्याचा परवाना एमआयटी, म्हणजे जीपीएलपेक्षा मोकळा. नोडवाल्यांसाठी, म्हणजे सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्यांसाठी, मेडुसा आहे. मजेंटो ताकदवान आहे, पण दोनशे वस्तूंच्या दुकानाला त्याचा भार झेपत नाही.

माझं मत स्पष्ट आहे: दिवाळीच्या ऐन गर्दीत साइट बंद पडली तर तुमची माणसं जे स्वतः दुरुस्त करू शकतील, तेच घ्या. वैशिष्ट्यांच्या यादीवर जाऊ नका. महाराष्ट्रातल्या बहुतेक एजन्सींसाठी याचं उत्तर वूकॉमर्स येतं, म्हणून पुढची उदाहरणं त्यातलीच आहेत.

३. मूळ कोडला हात लावू नका

वूकॉमर्सच्या फायलींत केलेला बदल पुढच्या अपडेटला पुसला जातो. त्यात ठिकठिकाणी हुक (आपला कोड जोडायच्या जागा) दिलेले आहेत, त्यांना जोडून आपला कोड वेगळ्या प्लगइनमध्ये ठेवा. थीममध्ये (साइटच्या रूपाच्या फायलींत) टेम्प्लेटची, म्हणजे पानाच्या साच्याची, प्रत करून बदलणं सोपं वाटतं, पण मूळ टेम्प्लेट पुढे जातं आणि आपली प्रत जुनीच राहते. वूकॉमर्सच्या ‘स्टेटस’ पानावर अशा जुन्या प्रती दिसतात, ते पान दर अपडेटनंतर उघडा.

ऑक्टोबर २०२३ मध्ये ८.२ आवृत्तीपासून नव्या दुकानांच्या ऑर्डरी डेटाबेसमधल्या स्वतंत्र तक्त्यांत जाऊ लागल्या. ज्यांनी ऑर्डरीची माहिती थेट जुन्या तक्त्यांतून उचलली होती, त्यांचे प्लगइन तिथे अडले. ज्यांनी वूकॉमर्सची स्वतःची फंक्शन्स वापरली होती, त्यांना त्यासाठी काही बदलावं लागलं नाही.

४. इथल्या गरजांचा थर मनापासून बांधा

एजन्सीची खरी कमाई इथे आहे, कारण परदेशात बनलेल्या प्लॅटफॉर्ममध्ये हे तयार मिळत नाही.

कर आधी. महाराष्ट्रातल्या दुकानाने महाराष्ट्रातच माल पाठवला तर १८ टक्क्यांच्या वस्तूवर ९ टक्के सीजीएसटी (केंद्राचा) आणि ९ टक्के एसजीएसटी (राज्याचा). गोव्यात पाठवला तर १८ टक्के आयजीएसटी (आंतरराज्य कर). वूकॉमर्समध्ये सीजीएसटीला प्राधान्यक्रम १ आणि एसजीएसटीला २ देऊन दोन्ही ओळी महाराष्ट्रासाठी भरा. आयजीएसटीची ओळ सर्व राज्यांसाठी, प्राधान्यक्रम १ ने भरा. एका क्रमांकातून एकच दर लागतो आणि नेमक्या राज्याची ओळ आधी धरली जाते, त्यामुळे हिशेब बरोबर बसतो. किमती करासहित ठेवा आणि कर डिलिव्हरीच्या पत्त्यावरून काढा. दर मात्र कोडमध्ये कधीच लिहू नका. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले, तूप १२ वरून ५ टक्क्यांवर आलं. ज्यांचे दर तक्त्यात होते त्यांनी ते तिथल्या तिथे बदलले.

पेमेंटमध्ये सगळ्यात जास्त भानगड यूपीआयची. ग्राहक मोबाइलवर पैसे भरतो आणि ब्राउझरकडे परत येतच नाही. दुकानात ऑर्डर ‘पेमेंट बाकी’ अशीच राहते. वूकॉमर्स अशी ऑर्डर डीफॉल्ट ६० मिनिटांनी रद्द करतं. म्हणजे पैसे गेले आणि ऑर्डरही गेली! म्हणून पेमेंट गेटवेकडून (पैसे स्वीकारून देणाऱ्या सेवेकडून) येणारा वेबहुक, म्हणजे पैसे आल्याचा आपोआप येणारा संदेश, पायातच बसवा. त्याची डिजिटल सही (तो खरंच गेटवेचा आहे याची खूण) तपासा. तोच संदेश दोनदा येऊ शकतो, तेव्हा पेमेंट क्रमांक आधी नोंदला आहे का, ते पाहूनच ऑर्डर पुढे न्या. रेझरपेसारख्या गेटवेंना रक्कम पैशांत लागते, १,४९९ रुपयांसाठी १४९९०० पाठवावे लागतात. हे रूपांतर एकाच ठिकाणी, एकाच फंक्शनमध्ये ठेवा.

मराठी बिल हा विषय बहुतेक जण सोडून देतात, आणि दुकानदाराला तेच सगळ्यात आधी खटकतं. पीडीएफ बनवायला अनेक प्लगइन डॉमपीडीएफ हे साधन वापरतात, त्याला देवनागरीची जुळणी जमत नाही. ‘विक्री’ लिहिलं की पहिली वेलांटी ‘व’च्या उजवीकडे जाऊन पडते आणि ‘क्री’चं जोडाक्षर फुटून हलंत दिसतो. एमपीडीएफ या दुसऱ्या साधनात ओपनटाइपची (फॉन्टमधल्या अक्षरजोडणीच्या नियमांची) जुळणी चालू केली आणि मुक्त परवान्याचा ‘मुक्त’ (Mukta) किंवा नोटो सान्स देवनागरी हा फॉन्ट दिला की बिल नीट छापलं जातं. रकमेतले स्वल्पविरामही तपासा: मूळ रचना १२५,००० दाखवते, आपल्याला १,२५,००० हवं.

पिनकोडवरून राज्य आपोआप भरलं जाऊ द्या, म्हणजे चुकीचं राज्य निवडून करही चुकणार नाही. शोधात ‘हापूस’, ‘hapus’ आणि ‘alphonso’ या तिन्हींना एकच आंबा मिळायला हवा. त्यासाठी समानार्थी शब्दांची साधी यादी पुरते.

५. पायाला आवृत्ती क्रमांक द्या

पाया गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) ठेवा आणि प्रत्येक दुकानाने तो कंपोझरमधून (पीएचपीची पॅकेजं बसवणाऱ्या साधनातून) पॅकेज म्हणून घ्यावा. दुकानाच्या फाइलमध्ये पायाची कोणती आवृत्ती आहे, ते लिहिलेलं असतं. वेबहुकमधली चूक सुधारली की नवी आवृत्ती काढायची, आधी चाचणीच्या साइटवर खरी ऑर्डर टाकून बघायची आणि मग एकेक दुकान पुढे न्यायचं. सगळी दुकानं एकाच रात्री कधीही अपडेट करू नका.

रंग, फॉन्ट, पहिलं पान यांत मात्र प्रत्येक गिऱ्हाइकाला त्याचं स्वतःचं रूप द्या. वाचलेला वेळ तिथेच खर्च व्हायला हवा.

६. गिऱ्हाइकाला काय देणार, ते लेखी ठरवा

डोमेन, होस्टिंग, गेटवेचं खातं आणि सशुल्क प्लगइनचे परवाने गिऱ्हाइकाच्या नावावर घ्या. वूकॉमर्सवर बांधून सोपवलेला तुमचा कोडही जीपीएलच्या अटींत येतो, म्हणजे गिऱ्हाईक तो दुसऱ्या एजन्सीकडे नेऊ शकतं. हे आधीच सांगा. काही जणांना याची भीती वाटते, मला ती अनाठायी वाटते. लोक टिकतात ते देखभालीमुळे, आणि देखभालीचा वार्षिक करार पहिल्या दरपत्रकातच असावा.

७. मूळ प्रकल्पाला परत द्या

सापडलेली चूक फक्त आपल्या पायात झाकून ठेवली तर ती कायम आपल्यालाच सांभाळावी लागते. तिची दुरुस्ती मूळ प्रकल्पात, म्हणजे वूकॉमर्समध्ये, स्वीकारली गेली की आपला तेवढा कोड काढून टाकता येतो. कोड देणं जमत नसेल तर मराठी भाषांतरापासून सुरुवात करा. वर्डप्रेसच्या भाषांतर संकेतस्थळावर कुणालाही खातं उघडून वूकॉमर्सचे मराठी शब्द सुचवता येतात. चेकआउटवरचा एखादा बोजड शब्द तिथे बदलून मंजूर झाला की पुढच्या भाषा-अपडेटबरोबर तो तुमच्या सगळ्या मराठी दुकानांत पोहोचतो.