पहिल्या भेटीपासून नातं कसं बांधावं: समुपदेशकांसाठी

कोल्हापुरात क्लायंट सहसा एकटा येत नाही. सोबत आई, दाजी नाहीतर थोरला भाऊ असतो. पहिली १० मिनिटं सगळ्यांना आत बसवा, उरलेली ४० फक्त क्लायंटची. गोपनीयतेचा नियम सगळ्यांसमोरच सांगा: इथलं बोलणं घरी कळणार नाही, जिवाला धोका असेल तरच अपवाद. रंकाळ्यावर फिरताना गाठ पडणारच. तिथं ओळख दाखवायची का, हे क्लायंटला आधीच विचारून ठेवा.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये समुपदेशक आणि क्लायंटच्या या नात्याचे तीन धागे मांडले: काय साधायचं, त्यासाठी काय करायचं आणि आपसातला विश्वास. गाडी बहुधा पहिल्यावरच अडते. घरच्यांना वाटतं पोरानं दुकानात लक्ष घालावं. पोराला हवी असते रात्रीची झोप. उद्दिष्ट त्याच्याच शब्दांत लिहून घ्या.

झोप, जेवण, कर्ज, दारू, तालीम कधी सुटली, सगळं विचारा. थकवा आणि उदासी थायरॉइडमुळेही येते, म्हणून रक्ततपासणी सुचवा.

शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा. ‘आज माझं काय खटकलं?’ असं विचारलं की ‘काय नाही सर, बरं वाटलं’ हेच उत्तर येतं. तिथं थांबू नका. ‘मधे तुम्ही गप्प झालात, तेव्हा मी घाई केली का?’ असा नेमका प्रश्न टाका. चूक असेल तर सरळ कबूल करा. न बोललेली नाराजी पुढची भेट चुकवून बाहेर पडते.

जीव द्यायचे विचार येतात का, हे थेट विचारा. विचारल्यानं ते वाढत नाहीत. उत्तर ‘हो’ असेल तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवा आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लिहून द्या.