जुन्या स्पीकरची जोडी: खरी की लावलेली?

दारव्ह्याच्या बाजारात एका भंगारवाल्याने दोन आठ इंची फिलिप्स स्पीकर समोर ठेवले आणि म्हणाला, "ताई, एकाच गोठ्यातले बैल हायेत. डोये मिटून घ्या." दोन्हींवर एकच नंबर, दोन्हींची बास्केट, म्हणजे लोखंडी सांगाडा, सारखीच गंजलेली. 3,500 रुपये मोजून मी ते घरी आणले. रात्री वाजवले तर गाणाऱ्याचा आवाज दोघांच्या मधोमध उभा राहीना, सारखा डावीकडे सरकायचा. एकाचा कागद, म्हणजे समोरचा हलणारा कोन, कुणीतरी कधीचाच बदललेला होता. त्यानंतर खिशात मल्टिमीटर आणि पेन्सिल सेल असल्याशिवाय मी स्पीकर बघायला गेलेले नाही.

बाबा लग्नांना, सप्ताहांना, यात्रांना लाऊडस्पीकर लावायचे. कॉइल, म्हणजे कागदामागची तारेची गुंडाळी, भरायला बारीक बोटं लागतात, म्हणून तारेचं काम लहानपणीच माझ्याकडे आलं. आज माजघरात अठरा जोड्या आहेत. त्यातल्या अकरा खऱ्या, बाकीच्या सुटे स्पीकर जमवून लावलेल्या.

माल कुठे मिळतो? बंद पडलेल्या टॉकीजमध्ये, जिनिंगच्या जुन्या ऑफिसात, शाळेच्या कपाटात, अमरावती-नागपूरकडच्या वाड्यांच्या माळ्यावर. दिवाळीच्या सफाईत तो अंगणात येतो, आणि भंगाराच्या गाडीच्या आधी पोचावं लागतं.

आधी डोळ्यांनी बघा. खोक्याची पॉलिश बघण्यात वेळ घालवू नका, ती नवी करता येते. मागची फळी मात्र ठोकून बघा, उदई लागली असेल तर आवाज पोकळ येतो. कर्णा असेल तर नरड्यात टॉर्च मारा, कुंभारीण माशीने तिथे मातीचं घर केलेलं असतं. मग दोन्ही कागद शेजारी धरून कड, मधली टोपी आणि टोपीभोवतीचा डिंक तपासा. कारखान्यातला डिंक एकसारखा फिरलेला असतो, हाताने लावलेल्याला कुठे तरी गाठ असते. एकाची कड कागदाच्या चुण्यांची आणि दुसऱ्याची फोमची असेल तर पुढचं काही मोजू नका. 1970 नंतरच्या कितीतरी स्पीकरांची फोमची कड बोट लावताच भुग्यासारखी गळते. ती बदलता येते, पण दोन्हींची एकाच मालाची आणि एकाच दिवशी बदला.

मागे वळवून मॅग्नेट बघा. जुने अल्निको या मिश्रधातूचे: छोटे, उंच, बहुतेक वेळा लोखंडी डब्यात बंद. नंतरचे फेराइटचे: काळी, चपटी, रुंद चकती. 1978 मध्ये झाईरच्या (आजच्या काँगोच्या) कोबाल्टच्या खाणी असलेल्या शाबा प्रांतात लढाई झाली, कोबाल्टचे भाव भडकले आणि अल्निकोत कोबाल्ट लागतो म्हणून कंपन्या भराभर फेराइटकडे वळल्या. त्यामुळे त्या सुमाराच्या एकाच मॉडेलमध्ये एक अल्निको आणि एक फेराइट सापडू शकतो. दिसायला जोडी, चालीला वेगळी. अल्निकोला आपटल्याने किंवा फार तापल्याने कमजोरी येते. आणि मॅग्नेट कधीही उघडू नका, लोखंडातून सुटा केला की त्याची ताकद तिथेच उतरते.

आता मीटर, ओहमवर, म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याच्या मापावर ठेवून. 8 ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण साडेपाच ते सात दाखवतो, ते बरोबरच आहे. आधी मीटरच्या दोन्ही वायरी एकमेकींना टेकवा आणि तो आकडा वजा करा. जोडीत अर्ध्या ओहमचा फरक दिसला तर मला शंका येते. पण आपल्याकडच्या मे महिन्यात घाई करू नका. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे 0.4 टक्के वाढतो. एक स्पीकर उन्हात 60 अंशांना तापलेला आणि दुसरा सावलीत 35 ला असेल, तर त्याच कॉइली एकीकडे 6.6 आणि दुसरीकडे 6 दाखवतात. दोघांनाही तासभर एकाच सावलीत ठेवून मगच मोजा. आकडा शेकडो ओहमचा आला तर स्पीकर मेला असं समजू नका. फिलिप्सच्या काही वाल्व्ह रेडिओंत 800 ओहमचे स्पीकर असायचे, ते आजच्या अ‍ॅम्प्लिफायरवर चालत नाहीत. देवळातल्या कर्ण्याला किंवा कॉलमला (उभ्या लांबट खोक्याच्या स्पीकरला) आत लांब वायरींसाठी लाइन ट्रान्सफॉर्मर असतो, तो सोडवल्याशिवाय घेतलेलं माप ट्रान्सफॉर्मरचं असतं.

ओहम जुळले तरी जोडी जुळत नाही. खरा निवाडा रेझोनन्सचा, आणि यात मी सगळ्यात जास्त वेळ देते. प्रत्येक स्पीकरचा कागद एका ठरावीक फ्रिक्वेन्सीला आपोआप सगळ्यात जोरात हलतो. ती कागदाचं वजन आणि कडेचा ताठपणा यावर ठरते, म्हणून कागद बदललेला असेल तर इथे उघडं पडतं. मोबाइलवर टोन जनरेटरचं अ‍ॅप घ्या, छोट्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडा, आउटपुट आणि स्पीकर यांच्यामध्ये 1,000 ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये लावा. मीटर एसी व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या दोन टोकांना लावा. स्वस्तातल्या पिवळ्या मीटरची एसीची सगळ्यात लहान रेंज 200 व्होल्टची असते, त्यावर काही दिसणार नाही. 2 व्होल्टची रेंज असलेला मागून आणा. 30 हर्ट्‌झपासून हळूहळू वर जा. आकडा वाढत जातो, एका ठिकाणी शिखर गाठतो आणि उतरतो. ते शिखर लिहून ठेवा. वर्षानुवर्षं पडून राहिलेला स्पीकर आखडलेला असतो, म्हणून मोजण्याआधी अर्धा तास हलक्या आवाजात वाजवा. माप सुट्या स्पीकरचं घ्या, खोक्यात आकडा वर सरकतो. दोघांत दहा टक्क्यांपर्यंत फरक मी चालवून घेते. दारव्ह्याच्या माझ्या "बैलां"पैकी एक 62 ला होता, दुसरा 91 ला.

पुढे सेलने प्लस-मायनस ठरवा. दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा, कागद पुढे आला तर सेलचं प्लस जिथे लागलं ते प्लस. जुन्या जेबीएलमध्ये हे उलटं असतं, लाल टोकाला प्लस दिला की कागद आत जातो. रंगावर भरवसा ठेवू नका.

मग मला सगळ्यात आवडणारी परीक्षा. दोन्ही सुटे स्पीकर समोरासमोर, काठाला काठ लावून ठेवा. दोघांना एकच मोनो आवाज द्या, पण एकाच्या वायरी उलट्या करा. एक हवा ढकलतो, दुसरा तीच ओढतो, त्यामुळे आवाज मरतो. जे काही ऐकू येत राहतं तो दोघांतला फरक. खऱ्या जोडीत मृदंगाचा धा जवळपास गायब होतो आणि वरचा हलका खरखराट उरतो.

शेवटी कान. मी खंजिरीचं भजन लावते. खंजिरीच्या झांजांतून वरचे सूर कळतात, कातड्यावरच्या थापेतून खालचे, आणि भजनी माणसाचा गळा तर आपण रोजच ऐकतो. मोनो लावून मधोमध बसा. आवाज सरकला तर आधी वायरींची अदलाबदल करा, मग जागांची. एक स्पीकर मातीच्या भिंतीशी आणि दुसरा टिनाशी असेल तर दोष घराचा. अदलाबदलीनंतर दोष ज्याच्याबरोबर फिरला तो स्पीकर नापास. आतले जुने कंडेन्सर बदलायचे तर दोन्हींकडे एकाच मापाचे बदला.

नापास झालेला विकू नका. प्रत्येकाच्या मॅग्नेटवर मी कागद चिकटवते: ओहम, हर्ट्‌झ, गाव, वर्ष. 62 चा तो फिलिप्स कित्येक वर्षं चुलीजवळच्या फडताळात एकटा आकाशवाणी वाजवत होता. मागच्या दिवाळीत दिग्रसच्या एका घरातून सुटा फिलिप्स आला. सावलीत ठेवला, अर्धा तास वाजवला, मोजला. 64. समोरासमोर ठेवले तेव्हा धा विरून गेला.