भांगेचं बी खाताय? या चुका टाळा

हेम्प सीड म्हणजे भांगेचं बी. त्याने नशा होत नाही. एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2021 मध्ये ते अन्न म्हणून मान्य केलं आणि टीएचसी या नशेच्या घटकाला मर्यादा घातली. लोकांच्या तक्रारी वेगळ्याच असतात: चटणी कडू झाली, भाकरी चिरली, पोट साफ होत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान साठवणुकीत होतं. सोललेल्या 100 ग्रॅम बियांत जवळपास 49 ग्रॅम स्निग्धांश असतो. त्यातला बहुतेक ओमेगा-6 आणि ओमेगा-3 प्रकारचा, म्हणजे ऊन, उजेड, हवा लागली की खवट होणारा. जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात गॅसशेजारच्या बरणीत हे बी टिकत नाही. लहान पाकीट आणा, काचेच्या घट्ट बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवा आणि ओला चमचा घालू नका. बी चावल्यावर घशाशी कडवट लागलं, ऑइल पेंटसारखा वास आला, तर फेकून द्या. भाजल्याने खवटपणा जात नाही, नुसता लपतो.

याच कारणाने हेम्पच्या तेलाची फोडणी नको. ते लवकर धुरावतं. शेवभाजीची तर्री नेहमीच्या तेलातच करा. बी घालायचं तर भरीत ताटात वाढल्यावर वरून.

चटणीत दाणे, लसूण, तिखट, मीठ आधी भरड वाटून घ्या. सोललेलं बी शेवटी टाकून मिक्सर दोन-तीनदा फक्त फिरवून थांबवा. सलग चालवलात तर भांडं तापतं, तेल सुटतं आणि चटणीचा लगदा होतो. सालासकट बी असेल तर मंद आचेवर तडतडेपर्यंतच परता, बारीक दळा आणि चाळा; नाहीतर सालाचे तुकडे दातांत अडकतात.

भाकरी चिरते, कारण या बियांत चिकटपणा नाही आणि तेल भरपूर. नऊ वाट्या पिठाला एक वाटीपेक्षा जास्त बियांची भरड घालू नका. त्यासाठी कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ सर्वांत चांगलं, आणि ते फक्त चवीसाठी नाही. भांगेच्या बियांत 100 ग्रॅममागे सुमारे 31 ग्रॅम प्रथिनं असतात, पण त्यात लायसिन हा प्रथिनांतला गरजेचा घटक कमी पडतो. ज्वारीतही तो कमीच. ती उणीव कळण्यातले उडीद भरून काढतात. नुसत्या ज्वारीच्या भाकरीसोबत खात असाल तर ताटात डाळ हवीच.

बद्धकोष्ठतेसाठी सोललेलं बी खाणं ही चुकीची अपेक्षा. त्यात 100 ग्रॅममागे जेमतेम 4 ग्रॅम तंतू, तर आपल्या जवसात 27 च्या आसपास. ओमेगा-3 सुद्धा जवसात दुपटीहून जास्त, आणि किंमत कितीतरी कमी. फक्त या दोन गोष्टींसाठी महाग पाकीट घेऊ नका, जवसाची चटणी करा. भांगेचं बी घ्यावं ते प्रथिनांसाठी आणि मॅग्नेशियमसाठी: पोह्याचे तीन चमचे, म्हणजे 30 ग्रॅम बियांत सुमारे 210 मिलिग्रॅम.

तेवढ्यातच 165 कॅलरीही येतात, म्हणून दाण्याचा कूट तितका कमी करा. सुरुवात रोज एका लहान चमच्याने. एकदम मूठभर खाल्लं तर जुलाब होऊ शकतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

पाकिटावर एफएसएसएआयचा 14 अंकी परवाना क्रमांक बघूनच घ्या. पेरणीसाठी विकलेलं कुठलंही बियाणं खाऊ नका, त्याला बीजप्रक्रियेचं औषध चोळलेलं असू शकतं. आणि उरलेलं बी परसात टाकून उगवायला जाऊ नका. विनापरवाना लागवड हा गुन्हा आहे.