गाडीच्या दारातली शिट्टी : सिलिकॉनची नळी उघडण्याआधी या चुका टाळा

गाडी ८०च्या पुढे गेली की काचेकडच्या कानाशी सूंऽऽ सुरू होतं. गाण्यांचा आवाज वाढवून काही महिने निघतात. मग एक दिवस माणूस वैतागतो, रबरी पट्टीचं वेटोळं आणि सिलिकॉनची नळी घेऊन येतो आणि दोन तासांत दाराची अशी काही वाट लावतो की ते निस्तरण्यात माझा अख्खा सुट्टीचा दिवस जातो. मी मेकॅनिक नाही, हौशी आहे. पण नात्यातल्या आणि ओळखीतल्या इतक्या गाड्यांची दारं उघडून बसलोय की आता चूक लांबूनच दिसते.

चूक क्रमांक एक, आणि माझ्या मते निम्म्या भानगडींचं मूळ : आवाज कुठून येतोय हे न शोधता पट्टी चिकटवणं.

माझ्या चुलतभावाचं उदाहरण घ्या. ड्रायव्हरच्या दाराच्या वरच्या कोपऱ्यातून शिट्टी येते, असं त्याचं ठाम मत होतं. त्याने चारही दारांना आतून जाडजूड जादा बीडिंग, म्हणजे दाराच्या कडेने फिरणारी रबरी पट्टी, चिकटवलं. एका दारातून आवाज येत असताना चार दारांना का, तर वेटोळ्यात पट्टी उरली होती म्हणून. दुसऱ्या दिवशी फोन आला, "दादा, एकदम शांत झाली गाडी! फक्त दार जरा आपटून लावावं लागतं." ते "जरा आपटून" ऐकलं तेव्हाच मला कळलं. आठवड्याने मागचं एक दार लॉकच्या पहिल्याच खटक्यावर अडकायला लागलं, डॅशबोर्डवर दार उघडं असल्याचा दिवा लागला आणि शिट्टी परत आली ती दुप्पट होऊन.

दार बॉडीला धरून ठेवतात त्या पुढच्या बिजागऱ्या आणि मागचं लॉक. ही सगळी मंडळी दाराच्या खालच्या भागात. काचेभोवतीची वरची चौकट नुसती वर उभी असते, तिला धरायला कोणी नाही. खाली जाड पट्टी कोंबली की दार तिथे फुगून राहतं आणि वरची चौकट बाहेर झुकते. त्यात गाडी वेगात असताना बाजूने धावणाऱ्या हवेचा दाब केबिनमधल्या दाबापेक्षा कमी होतो, म्हणजे ती चौकट आणखी बाहेर ओढली जाते. उभ्या गाडीत घट्ट वाटणारी फट १०० च्या वेगाला उघडते ती अशी.

आम्ही सगळी पट्टी काढली. पट्टी निघाली दहा मिनिटांत, तिचा गोंद निघायला अर्धा दिवस लागला. मग टेप लावून तपासलं, तर आवाज आरशाच्या बुडाशी असलेल्या त्रिकोणी प्लास्टिकच्या तुकड्यातून येत होता. त्याची एक क्लिप सुटली होती. तळहाताने दाबली, टक्क झालं, काम संपलं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

टेप लावून तपासणं म्हणजे काय, ते नीट सांगतो, कारण लोक यातही घाई करतात. रंगकाम करणारे वापरतात तो मास्किंग टेप घ्या, पॅकिंगचा चिकट टेप नको. गाडी धुऊन, वाळवून बाहेरून सगळ्या फटींवर टेप लावा : दाराच्या चारही कडा, काचेखालच्या रबरी पट्टीची कड, आरशाचं बूड, समोरच्या काचेच्या बाजूची पट्टी. ज्या दारावर संशय आहे ते टेपने बंदच होतं, म्हणून दुसऱ्या दाराने आत शिरा. मग ज्या रस्त्यावर, ज्या वेगाला आवाज येतो, त्याच रस्त्यावर त्याच वेगाने चालवा, जाताना आणि येताना दोन्ही वेळा, कारण समोरचा वारा आणि पाठीमागचा वारा यांत फरक पडतो. ऐकायला शेजारी कोणीतरी बसवा. चालवणाऱ्याने रस्ता बघावा.

आवाज गेला, तर आता एकेक टेप काढत जा आणि दर वेळी फेरी मारा. कंटाळवाणं आहे, मान्य. पण ज्या तुकड्याला शिट्टी परत येते, तिथे तुमचं भोक आहे. सगळा टेप लावूनही आवाज तसाच राहिला, तर दाराला उगाच बदनाम करू नका. डांबरी आणि काँक्रीटच्या रस्त्यावर आवाज वेगळा येत असेल तर टायर बघा. हलक्या वळणावर कमीजास्त होत असेल तर चाकाचं बेअरिंग. छतावर कॅरियर असेल तर आधी तो काढा. आणि दारांवर पावसासाठी हौसेने चिकटवलेले व्हायझर असतील तर, काय सांगू, तेच बऱ्याचदा चोर निघतात.

गल्लीत ३०-४० च्या वेगाने चालवून "आवाज गेला" असं जाहीर करणाऱ्यांचाही एक वर्ग आहे. आरसा, पट्टी, कड अशा गोष्टींवर वारा आपटून होणाऱ्या आवाजाची शक्ती साधारणपणे वेगाच्या सहाव्या घाताने वाढते. म्हणजे ८० वरून १०० वर गेलात तर ती जवळजवळ चौपट होते, सुमारे ६ डेसिबलने चढते. गल्लीत टायर आणि इंजिनच ऐकू येणार, वारा नाही. कायद्यात बसेल तेवढ्या वेगाने मोकळ्या रस्त्यावरच तपासा.

आवाजाच्या जातीवरूनही थोडा अंदाज येतो. बारीक, सुरात वाजणारी शिट्टी म्हणजे एखादी अरुंद फट किंवा उचललेली कड. सूंऽऽ असा पसरट आवाज म्हणजे बीडिंग लांबवर नीट टेकत नाहीये. फडफड म्हणजे काहीतरी सुटलंय, आणि ते बहुधा हाताने दाबून सापडतं.

चूक दोन : सिलिकॉन. याबद्दल मी शांतपणे लिहू शकत नाही, तरी प्रयत्न करतो. घरात पडलेली नळी बहुतेकदा बाथरूमच्या फटी भरायची असते. उघडल्यावर व्हिनेगरसारखा वास येतो ना? ते सिलिकॉन सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडतं, आणि उघड्या पत्र्याला, खरवडलेल्या कडेला ते गंजवतं. एकदा लागलेलं सिलिकॉन पूर्ण निघत नाही. त्याचा न दिसणारा थर राहतो, त्यावर पुढची पट्टी धड चिकटत नाही, आणि कधी त्या भागाला रंग मारायची वेळ आली तर रंगात माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे पडतात. रंगारी तुम्हाला शिव्या घालेल आणि बरोबरच घालेल.

याहून वाईट म्हणजे लोक दाराच्या खालच्या कडेवरची भोकंही बुजवतात. "इथूनच वारा शिरतो" म्हणे. ती भोकं पाणी बाहेर जायला ठेवलेली आहेत. काचेवरून ओघळणारं पावसाचं पाणी दाराच्या पोटात जातंच. ते तसं जावं आणि खालून निघावं अशीच रचना असते. भोकं बंद केलीत की दार पाण्याची टाकी होतं. तुमची शिट्टी एखाद्या वेळेस जाईल, पण वळणावर आतून डुचूक डुचूक ऐकू येईल आणि काही वर्षांनी खालचा पत्रा बोटाने फुटेल. तसंच पोकळ बीडिंगला ठरावीक अंतरावर बारीक छिद्रं असतात. दार लागताना आतली हवा निघून ते दबावं म्हणून ती ठेवलेली असतात. ती रबर फाटल्याची खूण नव्हे. त्यांनाही हात लावू नका.

आता माझी स्वतःची चूक, म्हणजे फक्त दुसऱ्यांनाच नावं ठेवतो असं व्हायला नको. एकदा स्पीकर बदलायला मी दाराचं आतलं पॅड काढलं. पॅडच्या मागे एक प्लास्टिकचा कागद असतो, काळ्या चिकट डिंकासारख्या ब्युटिलच्या दोरीने पत्र्यावर बसवलेला. मला घाई होती. तो कागद कोपऱ्यातून ओढला, थोडा फाटला, आणि "पॅडच्या मागे कोण बघतंय" म्हणून तसाच दाबून पॅड लावून टाकलं. पुढे दोन महिने हायवेवर दारातून गार हवेची झुळूक आणि एक घुमणारा आवाज येत राहिला. मी बाहेरची बीडिंग धुतली, आरसा काढून बसवला, स्ट्रायकर (लॉक जिला अडकतं ती खांबावरची कडी) हलवला, नवीन रबर मागवलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. शेवटी पावसात दाराजवळचं पायपुसणं ओलं झालं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

तो कागद दाराचं ओलं पोट आणि तुमची केबिन यांच्यातला पडदा असतो. पाण्याच्या भोकांतून आणि काचेच्या फटीतून दारात हवा शिरतेच, तिला आत येऊ न देणं हे त्याचं काम. शिवाय काही गाड्यांत बाजूची धडक ओळखणारा दाब-सेन्सर दाराच्या पोटात असतो. तिथे कागद फाटका ठेवणं हा नुसता आवाजाचा प्रश्न राहत नाही. माझी आता सवय अशी आहे : पॅड काढायच्या आधी नवीन ब्युटिलची गुंडाळी हाताशी, ओढताना हेअर ड्रायरने डिंक गरम करून हळू सोडवायचा, आणि बसवताना अंगठ्याने पूर्ण कड दाबत एक फेरी मारायची. पॅडच्या चार-पाच क्लिपाही जास्तीच्या आणून ठेवतो, कारण जुन्या क्लिपा तुटतातच. तुटलेल्या क्लिपांवर पॅड बसवलंत तर वाऱ्याची शिट्टी जाऊन खडखड येईल.

बाकीच्या चुका थोडक्यात.

बीडिंगला तेल, ग्रीस किंवा व्हॅसलीन लावू नका. ही रबरं बहुधा ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराची असतात, आणि खनिज तेलाने ती फुगतात, मऊ पडतात. सिलिकॉन ग्रीस चालतं. हो, सिलिकॉनच, पण नळीतलं सीलंट नव्हे. आधी साबणाच्या पाण्याने धुवा, वाळू द्या, मग फडक्यावर घेऊन अगदी पुसट हात फिरवा. निम्म्या वेळा नुसतं धुण्यानेच काम होतं, इतकी माती बसलेली असते.

कागदाची चाचणी करताना एकाच जागी करून मोकळे होऊ नका. कागदाची पट्टी दारात ठेवून दार लावा आणि ओढा, वीत-वीतभर अंतरावर, पूर्ण चौकटीभर. जिथे सुळकन निघते तिथे खूण करा.

स्क्रू-ड्रायव्हरने पट्ट्या उचकटू नका. प्लास्टिकची पाचर मिळते. काचेखालच्या बाहेरच्या पट्टीला दाराच्या कडेला अनेकदा एक स्क्रू असतो. तो न काढता ओढलीत तर पट्टी वाकेल, आणि वाकलेली पट्टी सरळ होत नाही.

ए-पिलरच्या, म्हणजे समोरच्या काचेच्या बाजूच्या खांबाच्या, आत फोम कोंबू नका. बऱ्याच गाड्यांत तिथूनच पडद्यासारखी एअरबॅग उघडते. एका शिट्टीसाठी तिची वाट अडवू नका, यावर चर्चा नाही.

मागच्या बंपरच्या आत हवा बाहेर सोडणाऱ्या झडपा असतात, त्या बुजवू नका. केबिनमधली हवा कोंडली की दारं आणखी जड लागतात.

स्ट्रायकरची कडी हलवणं हा शेवटचा उपाय आहे, पहिला नाही. सैल करण्याआधी तिच्याभोवती पेन्सिलने रेघ मारा. बोल्ट पूर्ण काढू नका, काही गाड्यांत मागची पट्टी खांबात आत पडते आणि मग ती शोधत बसा. एका वेळी एक मिलिमीटर आत, दार लावून बघा, आजूबाजूच्या पत्र्याशी पातळी जुळते का ते बोट फिरवून बघा.

आणि जादा पट्टी लावावीच लागली, म्हणजे मूळ बीडिंग शाबूत आहे, टेपने जागा सापडली आहे आणि तिथे खरंच अंतर आहे, तर पातळ आणि पोकळ पट्टी घ्या, तेवढ्याच लांबीत लावा. जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. लावताना ताणू नका. ताणलेली पट्टी चार दिवसांत आखडते आणि सांध्यापाशी तुम्हाला नवीकोरी फट मिळते. सांधा खाली ठेवा, वरच्या कोपऱ्यात कधीच नाही. चिकटवल्यावर किमान २४ तास पाणी आणि धुणं टाळा. ॲक्रिलिक फोमच्या टेपला पूर्ण पकड यायला साधारण ७२ तास लागतात. संध्याकाळी चिकटवून सकाळी प्रेशरने गाडी धुणारे महाभाग मी पाहिले आहेत.

मूळ बीडिंगच चपटं झालं असेल, बोटाने दाबल्यावर परत वर येत नसेल, तर त्यावर उपचार करत बसू नका. त्याच मॉडेलचं नवीन घ्या. मीटरवर मिळणारं "सगळ्यांना बसतं"वालं कुणालाच नीट बसत नाही. बसवताना कोपऱ्यांपासून सुरुवात करा आणि मधला भाग हाताने ठोकत या. काही दिवस दार जड लागेल. नवीन रबर आहे, बसायला वेळ घेईल. माझा चुलतभाऊ तिसऱ्याच दिवशी पाना घेऊन स्ट्रायकर बाहेर काढायला निघाला होता. पाना सध्या माझ्याकडे आहे.