अंदमानात किनाऱ्याने चालायला निघताय? आधी ओहोटीची वेळ लिहा

टोपी, पाणी, सनस्क्रीन तुम्ही घेणारच, त्यावर मी शब्द खर्च करत नाही. बॅग भरायच्याही आधी एक काम करा. ज्या दिवशी चालायचं आहे त्या दिवसाची, त्या जागेची ओहोटीची वेळ कागदावर लिहून घ्या. गेल्या वेळी आमच्याकडे बाकी सगळं होतं, फक्त हेच नव्हतं. त्यापायी सत्तरीला टेकलेली माझी आई गुडघाभर पाण्यात, करवतीसारख्या धारेच्या प्रवाळखडकावर उभी राहिली.

आम्ही गुहागरकडचे. भरती-ओहोटीसाठी आम्ही कधी मोबाईल उघडला नाही. तिथीला पाऊणपट करायचं की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता पूर्ण भरती, तिच्या सहा तास आधी आणि सहा तास नंतर सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. आजोबांपासून चालत आलेला हिशेब, आणि आपल्या किनाऱ्यावर तो चुकत नाही. नील बेटावर (आता शहीद द्वीप) लक्ष्मणपूरचा खडकाचा नैसर्गिक पूल बघायला गेलो तो दिवस पंचमीचा. पाऊणपट म्हणजे पावणेचारला भरती, म्हणजे सकाळी दहाच्या सुमारास ओहोटी. म्हणून आरामात नाश्ता करून साडेनऊला किनाऱ्यावर उतरलो. ओहोटी तर त्याआधी दोन तासांपेक्षा जास्त वेळ होऊन गेली होती. पाऊणपटीचा हिशेब मुंबई-कोकणाचा आहे. चंद्र माथ्यावरून गेल्यावर भरती किती वेळाने येणार हे प्रत्येक बंदराचं वेगळं असतं, आणि बंगालच्या उपसागरात आपला आकडा चालत नाही. कोकणातून जाणाऱ्यांनो, हे खास तुमच्यासाठी लिहितेय. समुद्र आपल्या ओळखीचा आहे असं वाटतं, तिथेच फसायला होतं.

जाताना खडकांमधली डबकी सुटी सुटी होती. एका डबक्यात आईला काळी समुद्रकाकडी (काकडीच्या आकाराचा समुद्री जीव) दिसली, ती वाकून बराच वेळ बघत बसली. परत फिरलो तेव्हा त्या डबक्याला काठच उरला नव्हता. पाणी समोरून लाट होऊन येत नाही, मागून, खडकांच्या फटींतून गुपचूप भरतं. पाऊल कुठे टाकायचं तेच दिसेना. आईने माझा दंड असा धरला होता की संध्याकाळपर्यंत तिच्या बोटांचे वळ होते. दुसऱ्या लोकांना घेऊन आलेला एक गाईड मुलगा ओरडत आला, ‘माताजी, पानी चढ़ रहा है, अभी लौटिए,’ आणि तिचा दुसरा हात धरून त्याने तिला काठाला आणलं. तो नसता तर काय झालं असतं, याचा विचार मी अजून पुरा करू शकत नाही.

तर वेळ कुठून घ्यायची? सर्व्हे ऑफ इंडिया दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टकं छापतं, त्यात पोर्ट ब्लेअर आहे. मोबाईलवरही मिळते, पण तिथे दोन गोष्टी तपासा: ठिकाण अंदमानातलंच निवडलंय ना, आणि वेळ भारतीय आहे ना. शिवाय आदल्या संध्याकाळी हॉटेलवाल्याला किंवा जेट्टीवरच्या होडीवाल्याला ‘कल पानी कब उतरेगा’ एवढं विचारा. दोन्ही उत्तरं जुळली की लिहा. कागदावरच लिहा. २०२० पासून चेन्नईहून समुद्राखालून केबल आली, त्यामुळे शहरात इंटरनेट बरं झालंय, पण झाडीत आणि टोकाच्या किनाऱ्यांवर रेंज गेली की मोबाईलमधली वेळ मोबाईलमध्येच राहते.

वेळ कळली की बेत तिच्याभोवती आखा, नाश्त्याभोवती नको. पाणी उतरत असताना आत शिरायचं, ओहोटीच्या वेळेला पुलाखाली असायचं आणि त्यानंतर अर्ध्या तासात पाठ फिरवायची. ‘अजून एक फोटो’ नाही. ओहोटीनंतरच्या पहिल्या तासात पाणी हळू चढतं, म्हणून वाटतं भरपूर वेळ आहे. पण सहा तासांत जेवढं पाणी चढतं त्यातलं जवळपास निम्मं तिसऱ्या आणि चौथ्या तासात चढतं. आम्ही नेमके तिसऱ्या तासात आत होतो. आणि तिथी अगदीच निरुपयोगी नाही: अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग (पाणी कमी चढतं-उतरतं ते दिवस), हे तिथेही खरं आहे. उधाणाच्या दिवसांत पाणी जास्त खाली जातं, खडक जास्त उघडा पडतो. भांगाला तो नीट मोकळा होईलच असं नाही. तिथी दिवस निवडायला वापरा. तास ठरवायला नको.

दुसरी महत्त्वाची गोष्ट उजेड. अंदमानात घड्याळ आपलंच चालतं, पण बेटं कोकणापेक्षा जवळजवळ वीस रेखांश पूर्वेला आहेत. म्हणजे सूर्य सव्वा तास आधी उगवतो आणि सव्वा तास आधी मावळतो. डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य गेलेला असतो आणि नंतर झपाट्याने काळोख पडतो. ‘चार वाजता चहा घेऊन निघू’ हा आपला बेत तिथे चालत नाही. खिशात छोटी टॉर्च ठेवा, मोबाईलच्या बॅटरीवर विसंबू नका.

पायात काय? आंघोळीच्या चपला नकोत, नवे कोरे स्पोर्ट्स शूजही नकोत. मागे पट्टा असलेल्या, जाड रबरी तळाच्या, भिजल्या तरी चालतील अशा सँडल. प्रवाळाने कापलेलं लवकर भरत नाही, समुद्री साळिंदराचे (खडकांत राहणाऱ्या काटेरी, गोल जीवाचे) काटे पायात मोडून राहतात. आईच्या सँडलचा मागचा पट्टा सैल होता, तो आदल्या रात्री घट्ट करायचा राहिला. म्हणून सांगते, सगळ्यांच्या पट्ट्यांना आदल्या रात्री स्वतः हात लावून बघा. म्हाताऱ्या माणसासाठी काठी न्या, मिळाली नाही तर छत्री. जिवंत प्रवाळावर मात्र कोणीही पाय देऊ नका, वर्षानुवर्षं वाढलेलं असतं ते.

पहिल्या दिवसासाठी पोर्ट ब्लेअरहून (२०२४ पासून श्री विजयपुरम) पंचवीसेक किलोमीटरवरचं चिडिया टापू घ्या. तिथून मुंडा पहाडच्या टोकाकडे जाणारी झाडीतली वाट दीडेक किलोमीटरची, मुलं आणि धडधाकट आजी-आजोबा सहज करतात. शेवटी कडा आहे, तिथे मुलांचा हात सोडू नका. किनाऱ्यावर प्रचंड झाडं मुळांसकट आडवी पडलेली दिसतील. २००४ च्या भूकंपात पोर्ट ब्लेअरच्या आसपासची जमीन सुमारे एक मीटर खचली, त्यामुळे समुद्र पूर्वीपेक्षा आत येतो. मला तिथे उभं राहून गलबलून आलं. वाट झाडीतली असली तरी त्या किनाऱ्यावर उतरायचं असेल तर पुन्हा तेच, ओहोटीची वेळ. आणि सूर्यास्त बघायला थांबलात तर परतीची गाडी आधी सांगून ठेवा.

हॅवलॉकला (स्वराज द्वीप) एलिफंट बीचला जाणारी रानवाट सोपी आहे, पण चिखलाची, आणि शेवटचा सखल भाग भरतीला पाण्याखाली जातो. वाट चालू आहे का ते विचारा. आणि ओहोटीची वेळ. प्रत्येक बेटावर, प्रत्येक दिवशी नव्याने.

मगरींची गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. खाऱ्या पाण्यातली मगर तिथे खाड्यांत आणि कांदळवनात राहते आणि समुद्रातही येते. २०१० मध्ये हॅवलॉकला राधानगरजवळ एका अमेरिकन तरुणीचा तिने जीव घेतला. पाटी असेल तिथे पाय धुवायलासुद्धा उतरू नका. खाडीच्या मुखाशी आणि कांदळवनाच्या कडेने चालू नका. वनरक्षक नाही म्हणाला तर नाही, हुज्जत घालू नका, तो तुमच्यासाठीच उभा आहे.

खायला दाण्याची चिक्की, सुका मेवा, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी. दमटपणात घाम ओततो आणि वाटेवर टपरी नसते. वाळूमाश्या चावतात, संध्याकाळी जास्त, म्हणून पूर्ण पाय झाकणारी पातळ पँट घाला. चावलेल्या जागी खाजवू नका. पावसाळ्यात जळवा, मिठाची पुरचुंडी ठेवा. पट्टी आणि जंतुनाशक मलम. मोबाईलला प्लास्टिकची पिशवी.

शंख, शिंपले, प्रवाळाचे तुकडे उचलू नका. त्यांतले बरेचसे वन्यजीव कायद्याखाली येतात, विमानतळावर सामानातून काढून घेतात, आणि मुलांना तिथे रडताना मी पाहिलंय. आधीच समजावून आणा.

बोटीचं परतीचं तिकीट, ओळखपत्र, सुटे पैसे. ते तुम्हाला माहीत आहे.

परत आल्यावर गोड्या पाण्याने पाय धुवा, कापलेलं तपासा, सँडल उलट्या करून वाळत घाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा चालायचं असेल तर झोपायच्या आधी आजच्या ओहोटीच्या वेळेत पन्नासेक मिनिटं मिळवा, कोष्टकाशी ताडून बघा, आणि आकडा नव्या कागदावर लिहून आईच्या पर्समध्ये ठेवा. आता आमच्याकडे तो तिच्याच पर्समध्ये असतो आणि दार ओढण्याआधी तीच विचारते, ‘पाणी कधी उतरतंय गं?’