अंकगणिती श्रेढी: सूत्र पाठ करण्याआधी उड्या मोजा

दहावीच्या बीजगणितात अंकगणिती श्रेढी आली की मुले आधी सूत्रे घोकतात, आणि मग नेमके 'एक वजा करायचे की मिळवायचे' इथे अडतात. क्रम उलटा ठेवला तर बरेच सोपे जाते.

पहिले काम, समोरची क्रमिका (ओळीने लिहिलेल्या संख्या; त्यातली प्रत्येक संख्या म्हणजे एक पद) श्रेढी आहे का, म्हणजे शेजारच्या पदांतला फरक सगळीकडे सारखा आहे का, ते तपासणे. पुढच्या पदातून मागचे पद वजा करा. ९३, ८६, ७९, ७२ मध्ये दर वेळी −७ येते, म्हणजे ही श्रेढी आहे आणि सामान्य फरक −७. वजाबाकीची दिशा बदलू नका, नाहीतर चिन्ह चुकते आणि पुढचे सगळे गणित बिघडते. एकच फरक काढून थांबूही नका: २, ४, ८ मध्ये पहिला फरक २, दुसरा ४, म्हणून ती श्रेढी नाही. आणि ५, ५, ५, ५? तीही श्रेढीच, फरक शून्य.

आता मुख्य गोष्ट. आधुनिक ऑलिंपिक १८९६ साली अथेन्सला सुरू झाले, आणि उन्हाळी ऑलिंपिकचा क्रमांक दर चार वर्षांनी एकाने वाढतो. मग ३३वे कोणत्या साली? १८९६ मध्ये ३३ × ४ मिळवले तर २०२८ येते, आणि ते चूक आहे. फरक एकदा मिळवणे म्हणजे एक उडी, आणि पहिल्या पदापर्यंत पोचायला उडी मारावीच लागत नाही. दुसऱ्यासाठी एक उडी, तिसऱ्यासाठी दोन, ३३व्यासाठी ३२. १८९६ + ३२ × ४ = २०२४, म्हणजे पॅरिस. (महायुद्धांमुळे १९१६, १९४० आणि १९४४ चे खेळ झालेच नाहीत, पण त्यांचे क्रमांक धरले जातात, म्हणून हिशेब जुळतो.) पुस्तकातले सूत्र हेच सांगते:

हवे ते पद = पहिले पद + (पदाचा क्रमांक − १) × फरक

एखादी संख्या श्रेढीत आहे का, हेही उड्यांवरून कळते. २०३० वजा १८९६ म्हणजे १३४. त्याला ४ ने पूर्ण भाग जात नाही, म्हणजे २०३० या श्रेढीत नाही.

परीक्षेतला आवडता प्रश्न: सातवे पद ४०, पंधरावे १६, तर पहिले पद कोणते? इथे बहुतेक जण दोन समीकरणे मांडतात. त्यात चूक काही नाही, पण गरजही नाही. सातव्यापासून पंधराव्यापर्यंत आठ उड्या, त्यांत २४ ने घट. म्हणून फरक −३. सातव्यावरून सहा उड्या मागे गेलो की ४० + १८ = ५८.

पदे मोजायची असतील तर उलटे जा. ७ ने भाग जाणाऱ्या तीन अंकी संख्या १०५ पासून ९९४ पर्यंत आहेत. (९९४ − १०५) ÷ ७ = १२७. पण या झाल्या उड्या. पदे एकाने जास्त, १२८.

बेरजेसाठी पहिल्या आणि शेवटच्या पदाची सरासरी काढून पदांच्या संख्येने गुणा. पदे समान अंतरावर असल्यामुळे पहिले आणि शेवटचे, दुसरे आणि शेवटून दुसरे, अशा प्रत्येक जोडीची बेरीज सारखीच येते, म्हणून हे चालते. वरच्या उदाहरणात सरासरी ५४९.५, बेरीज ५४९.५ × १२८ = ७०,३३६. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तही (११५०) हाच मार्ग आहे: आधी शेवटचे पद, मग मधले मूल्य, मग त्याला पदसंख्येने गुणणे.

घरातल्या हिशेबातही ही बेरीज येते. आवर्ती ठेवीत दरमहा १००० रुपये वर्षभर भरले, तर पहिला हप्ता १२ महिने व्याज कमावतो, दुसरा ११, शेवटचा १. एकूण महिने (१२ + १) ÷ २ × १२ = ७८. सरळव्याज वर्षाला ६ टक्के धरले तर हजारावर महिन्याला ५ रुपये, म्हणजे ३९० रुपये. बहुतेक बँका तिमाही चक्रवाढ धरतात, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा थोडा जास्त येतो.