बाहेरची ख्रिसमसची सजावट थंडीपावसात टिकवायची तर आधी प्लगवर गुंडाळायचा टेप बाजूला ठेवा

माळा बाहेर लावायच्या आधी घरात पेटवून बघायच्या, सोललेली वायर दिसली की ती माळ बाद करायची, हे सगळ्यांना माहीत असतं. खोक्यावरचा आयपी नंबर, म्हणजे धूळ-पाण्यापासून किती बचाव आहे ते सांगणारा आकडा, तेवढा नक्की वाचा. आयपी ४४ म्हणजे सगळ्या बाजूंनी शिंतोडे उडाले तरी चालतं, आयपी ६५ म्हणजे पाण्याचा फवाराही सोसतो. आणि अडॉप्टरवर काय लिहिलंय ते वेगळं बघा, कारण माळ बाहेरची आणि तिचा अडॉप्टर फक्त घरातला, असं पुष्कळदा असतं.

बांधताना खिळे, स्टेपल नकोत, प्लॅस्टिकच्या क्लिपा लावा. वायर ताणून बांधू नका, थंडीत ती आखडते आणि कडक होते. केबल टाय ऊन सोसणारे काळे घ्या, साधे पांढरे उन्हाने ठिसूळ होऊन तटातट तुटतात.

आता खरी कटकट, म्हणजे जोड. माळेचा प्लग जिथे एक्स्टेंशनला लागतो ती जागा. मलाही सगळ्यात जास्त छळलंय ते यानेच. जो तो सांगतो प्लास्टिकच्या पिशवीत घाला, वरून टेप गुंडाळा, झालं. अजिबात करू नका! दिवसा पिशवीतली हवा तापते, रात्री गार पडली की आतल्या ओलीचे थेंब होऊन प्लगवरच बसतात. वर टेपचा गोंद थंडीत कडक होऊन कडेने सुटतो, तिथून पाणी आत शिरतं आणि मग बाहेर पडायला वाटच नसते. पिशवी उघडून बघा कधी, आत पाणी साचलेलं आणि पितळी पिनांवर हिरवट थर. लोक मात्र माळेला शिव्या देतात की हलका माल निघाला, माळ बिचारी ठणठणीत असते.

पाणी अडवण्यापेक्षा त्याला खाली गळून जायला जागा द्या, बाकी सगळं त्यानंतर. जोड जमिनीवर, गवतात, बर्फात कधीच ठेवायचा नाही, उचलून टांगायचा, सॉकेटचं तोंड खाली. वायर जोडात शिरण्याआधी जोडाच्या खाली झोळ देऊन मग वर न्यायची, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी थेंबथेंब गळतं, प्लगपर्यंत चढत नाही. फुकटातलं काम आहे पण कोणी करत नाही. याच्यावर रबरी सील असलेला आणि वायरी खालून आत घ्यायचा डबा मिळाला तर उत्तम. डबा नसेल तर जोड छपराच्या आत घ्या, वरून आडोसा आणि खालून मोकळा. एकाला एक जोडायच्या माळा असतील तर फिरवून घट्ट करायच्या जोडाच्या आतली रबरी रिंग जागेवर आहे का बघा, आणि शेवटच्या माळेच्या उघड्या टोकाला टोपी लावा, ती टोपी खोक्यातच राहते नेहमी.

हे सगळं आरसीडीवरच (वीज कुठे गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) चालवायचं, ३० मिलिअँपियरवाली. ती सारखी पडून वीज बंद होत असेल तर कुठेतरी पाणी गेलंय, तिला बायपास करणारा महाभाग भेटला तर त्याला घरी पाठवा. मेन बंद करा, जोड सोडवा, घरात नीट वाळवा, हिरवट झालेला प्लग बदलून टाका.

फुगवायच्या सांताला दोऱ्या निदान तीन बाजूंनी, खुंट्या जमीन गोठायच्या आधी ठोकून घ्या. वादळी वारा सुटणार असेल तर हवा काढून आडवा करा आणि वर वजन ठेवा. त्यात हवा भरणाऱ्या पंख्याच्या तोंडाशी बर्फ साचू देऊ नका.

माळ बर्फात गोठली असेल तर ओढू नका, गरम पाणी तर मुळीच ओतू नका. वितळेपर्यंत थांबा, आठवडा उशिरा उतरवली म्हणून काही बिघडत नाही. उतरवल्यावर घरात पसरून पूर्ण वाळवा, ओली कोंबली तर डब्यात बुरशी. आणि अडॉप्टर ज्याच्या त्याच्या माळेलाच बांधून ठेवा, नाहीतर पुढच्या डिसेंबरात कुठला किती व्होल्टचा ते जुळवत बसाल.